नाताळातला बाजार आणि मुकुटबनचं गिऱ्हाईक

डिसेंबरात सिएटलला चार-सव्वाचारलाच दिवस मावळतो. आभाळ राखाडी, पाऊस जोराचा नाही, पण थांबायचं नावही घेत नाही. अशा दिवसांतही दर शनिवारी सकाळी नऊला युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमधला एक रस्ता गाड्यांना बंद होतो आणि पांढरे मांडव टाकून शेतकरी माल मांडतात. १९९३ साली सुरू झालेला हा बाजार बारमाही आहे. इथे बसायचं तर माल स्वतःच्या शेतातला हवा, शेत वॉशिंग्टन राज्यातलं हवं. घाऊक बाजारातून खोकी उचलून आणणाऱ्याला जागा नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनकडून नोकरीसाठी इथे आलेला माणूस या बाजारात शिरला की त्याची नजर आधी तुरीच्या ओल्या शेंगा शोधते. त्या मिळत नाहीत. मग तो सोले (ओले दाणे) शोधतो, सांबार म्हणजे कोथिंबीर शोधतो, भरताचं वांगं शोधतो. काहीच हाती लागत नाही म्हटल्यावर ‘काही राम नाही इथं’ असं म्हणून कॉफी घेऊन परततो. त्याचं चुकतं ते इथेच.

त्याला दोष तरी कसा द्यावा? मुकुटबन हे झरी जामणी तालुक्यातलं गाव. एका बाजूला वणीच्या कोळसा खाणी, जमिनीत चुनखडी, २०२२ पासून चालू झालेला सिमेंटचा मोठा कारखाना, आणि पलीकडे तेलंगणाची हद्द. बाजारात मराठीबरोबर तेलुगूही कानावर पडते, गोंडी-कोलामीही. डिसेंबरात या भागातल्या शेतात कापूस वेचणीला आलेला असतो, तूर शेंगांनी वाकलेली असते. आठवडी बाजारात तेव्हा जे येतं ते वर्षात पुन्हा येत नाही: तुरीच्या आणि वालाच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, भेदरं (टोमॅटो), मेथी, मुळे, बोरं, कोहळं. पोत्यावर शेंगांचा ढीग, मागे बसलेली बाई, तिच्या मांडीजवळ लोखंडी तराजू. ‘कशा देल्या वं माय शेंगा?’ असं विचारलं की ती भाव सांगायच्या आधी एक शेंग सोलून दाणे पुढे करते. भाव ठरतो, पारडं झुकतं, आणि झुकलेल्या पारड्यावरही एक मूठ वरून पडते. ती मूठ पडली नाही तर गिऱ्हाईक हलत नाही.

सिएटलला वरची मूठ नाही आणि घासाघीसही नाही. पाटीवर लिहिलेला भाव हाच भाव. पण मालाकडे नीट पाहिलं तर हा बाजारही ऐन हिवाळ्यात रंगात आलेला असतो. केलच्या आणि मोहरीच्या पानांच्या जुड्या, लीक, बीट पाल्यासकट, पार्स्निप, सलगम, पांढरे लांब मुळे, गाजरं नारिंगी, जांभळी, पिवळी. ब्रसेल्स स्प्राउट्स सुपरमार्केटात जाळीच्या पिशवीत सुटे मिळतात. इथे ते दांड्यासकट उभे असतात. हातभर लांबीचा जाड दांडा, त्याला खालपासून वरपर्यंत लिंबाएवढे गड्डे चिकटलेले, शेंड्याला पानांचा तुरा. विकत घेणारे तो खांद्यावर टाकून चालू लागतात. पोरं तर तो हातात मिळाला की तलवारच समजतात.

थंडीचा या भाज्यांच्या चवीशी थेट संबंध आहे. गारठा पडला की केल, गाजर, पार्स्निप यांसारखी झाडं साठवलेल्या पिठुळ अंशाची साखर करतात, कारण साखरेमुळे पेशींतलं पाणी लवकर गोठत नाही. झाडाचा हा जीव वाचवण्याचा उद्योग खाणाऱ्याला गोड लागतो. जुलैतली केल चामड्यासारखी लागते म्हणणाऱ्याने ती डिसेंबरात खाऊन पाहावी.

आणि सफरचंदं. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त सफरचंदं एकटं वॉशिंग्टन राज्य पिकवतं, तीही कॅस्केड डोंगररांगेच्या पूर्वेला, वेनाची आणि याकिमाच्या कोरड्या खोऱ्यांत. शेतकरी पहाटे अंधारात निघून, बर्फाच्या खिंडी ओलांडून शहरात येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या मांडणीला लागणारी फळं इथे आपसूक जमतात. सफरचंदं आणि नासपतीच्याच इतक्या जाती असतात की लक्ष्मीपुढे कोणती ठेवावी हा प्रश्न पडावा.

महाराष्ट्रातल्या शेतकरी चळवळीतल्या अनेकांच्या कानी सिएटल हे नाव पडलं ते १९९९ च्या जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेमुळे आणि तिथे पेटलेल्या निदर्शनांमुळे. पण या शहराच्या बाजाराची खरी गोष्ट त्याहून जुनी आहे आणि ती आपल्याला पटकन कळेल, कारण ती कांद्यापासून सुरू होते. १९०६ ते १९०७ या एका वर्षात सिएटलमध्ये कांद्याचा भाव दहापट झाला. शेतकऱ्याच्या पदरात त्यातलं काही पडत नव्हतं. वेस्टर्न ॲव्हेन्यूवरचे अडते शेतकऱ्याचा माल उधारीवर ठेवून घेत, विकला गेल्यावर आपली अडत कापून उरलेलं हातावर टेकवत, आणि कधी कधी माल सडला म्हणून तेही नाही. गृहिणी चिडल्या, वर्तमानपत्रं तापली, आणि थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकाने शेतकऱ्यांना थेट विकता येईल असा सार्वजनिक बाजार भरवण्याचा ठराव मांडला. १७ ऑगस्ट १९०७ रोजी, शनिवारी, पाइक प्लेस या रस्त्यावर शेतकऱ्यांच्या मोजक्याच घोडागाड्या आल्या. लोक हजारोंनी आले. दुपार व्हायच्या आत गाड्या रिकाम्या. तो बाजार आजही चालू आहे. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ हे दोन दिवस सोडले तर रोज.

आपल्याकडे अडत्याला वेसण घालायचा विचार याच्याही आधी झाला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली वऱ्हाडात, कारंज्याला उभा राहिला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मुकुटबन ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नाव तेव्हा यवतमाळ नव्हतं; १९०५ पर्यंत तो वणी जिल्हा, इंग्रजी दप्तरात ‘वून’. म्हणजे सिएटलकर कांद्यासाठी रस्त्यावर आले त्याच्या दहा वर्षं आधी वणीच्या कापसाला कायद्याचा बाजार होता. फरक हेतूत होता. वऱ्हाडातला कायदा झाला तो विलायतेतल्या गिरण्यांना चांगला कापूस सुरळीत मिळावा म्हणून. सिएटलचा बाजार भरला तो खाणाऱ्याने आणि पिकवणाऱ्याने मधल्याला बाजूला सारायचं ठरवलं म्हणून. पुढे १९६३ चा बाजार समिती कायदा आला, १९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी आली आणि काही दशकांनी गेलीही. २०१६ साली महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून सोडवला आणि संत सावता माळींच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. एवढ्या सव्वाशे वर्षांत मुकुटबनच्या पोत्यामागे बसलेल्या बाईला कुणी ना बांधलं, ना सोडवलं. तिच्या घरचा कापूस कुणीतरी दुसरा भाव ठरवून घेऊन जातो. शेंगांचा भाव मात्र ती स्वतः सांगते. सिएटलच्या बाजारात ‘उत्पादकाला भेटा’ अशी पाटी अभिमानाने लावलेली आहे. हिच्या पोत्यामागे पाटी नसते, गोष्ट तीच असते.

पाइक प्लेसची गोष्ट मात्र सरळ सुखाची नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथल्या शेतकऱ्यांत सर्वांत मोठा वाटा जपानी वंशाच्या कुटुंबांचा होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश निघाला, या कुटुंबांना छावण्यांत डांबलं गेलं आणि बाजारातली ओट्यांची ओळ एका हंगामात ओस पडली. बहुतेक जण शेतीत परतलेच नाहीत. बाजार खंगत गेला. साठच्या दशकात तो पाडून तिथे इमले बांधायचा बेत झाला. हा प्रश्न व्हिक्टर स्टाइनब्रुक या वास्तुविशारदाने आणि त्याच्या साथीदारांनी सह्या गोळा करून मतदारांपुढे नेला आणि २ नोव्हेंबर १९७१ रोजी शहराने बाजार राखायच्या बाजूने मत दिलं. रिकाम्या ओट्यांवर ऐंशीच्या दशकात आले ते लाओसच्या डोंगरांतून युद्धामुळे परागंदा झालेले हमोंग शेतकरी. उन्हाळ्यात त्यांच्या डेलियांनी बाजार फुलतो, थंडीत ते सुकवलेल्या फुलांचे गुच्छ विकतात, जोडीला नाताळची हिरवी तोरणं आणि चक्रं असतातच. झरीकडच्या कोलाम पोडांतून (वस्त्यांतून) बांबूच्या टोपल्या-सुपं घेऊन बाजाराला येणारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हमोंग आजीसमोर उभं राहताना फारसं परकं वाटायचं कारण नाही.

तरीही मराठी माणूस या बाजारांत हिवाळ्यात दिसतो कमी. एक कारण भूगोलाचं आहे. मराठी घरं बहुतेक लेक वॉशिंग्टन या तळ्याच्या पूर्वेला: रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमामिश, बॉथेल. रेडमंडचा शनिवारचा बाजार १९७६ पासूनचा, पण तो मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर लागला की पूर्वेकडचे मांडव उठतात आणि बाजार करायचा तर बहुधा लेक वॉशिंग्टनवरचा तरंगता पूल टोल भरून ओलांडावा लागतो. जगातला सर्वांत लांब तरंगता पूल केवळ गाजरांसाठी ओलांडणं अनेकांना पटत नाही. दुसरं कारण, निम्मी मंडळी नाताळच्या सुट्टीत भारतात गेलेली असतात. तिसरं कारण इंडियन स्टोअर. तिथे बारा महिने वांगी, भेंडी, मेथी, गोठवलेले तुरीचे दाणे मिळतात.

चंपाषष्ठी आली की हे सगळं फार ठळक दिसतं. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, म्हणजे वांगं हवंच. पण सिएटलच्या शेतात वांगं ऑक्टोबरात संपतं. डिसेंबरात मिळतं ते दक्षिणेकडून ट्रकने आलेलं, चकचकीत, भाजलं तरी पाणचट. खंडोबा रागावत नसावा. मात्र ज्या सणांचा सारा रस हंगामातल्या नव्या पिकात होता, ते सण आपण बिनहंगामी मालावर साजरे करतो आणि वर ‘तिकडची चव नाही’ असंही म्हणतो, हे जरा विचित्रच आहे.

भावाची तक्रार मात्र खरी आहे. शेतकरी बाजारातली भाजी मोठ्या दुकानापेक्षा बहुधा महाग पडते, आणि हा श्रीमंतांचा शौक असल्याची टीका अमेरिकेत नेहमी होते. तिला थोडंसं उत्तर म्हणून सरकारी अन्नमदतीचं कार्ड इथे चालतं आणि त्यावर भाजी घेतली की ठरावीक मर्यादेपर्यंत तेवढ्याच रकमेची जास्तीची भाजी मिळते. सॉफ्टवेअरच्या पगारावर जगणाऱ्याला ही तक्रार करायचा फारसा हक्क नाही. जुलैत स्ट्रॉबेरी आणि चेरीला सगळे धावतात, पावसातल्या जानेवारीत मांडवापुढे शुकशुकाट असतो. शेतकऱ्याला मजुरी आणि हप्ते मात्र बाराही महिने द्यायचे असतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीची गर्दी सोडली तर हिवाळ्यात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला मोजून माहीत असतं. कापसाच्या घरात वाढलेल्याला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

स्वयंपाकघरात तर काही अडतच नाही. जपानी काबोचा कोहळ्याची वऱ्हाडी बोंडं इतकी चांगली होतात की यवतमाळच्या कोहळ्याची आठवण निघत नाही. मोहरीच्या पानांत बेसन पेरून कोरडी भाजी, पांढऱ्या मुळ्याचा चटका, बीटच्या पाल्याची ताकातली पातळ भाजी, भाजलेल्या लीकचं वरून कच्च्या तेलाची धार सोडलेलं भरीत. हरभरा हवा असेल तर याच राज्याच्या पूर्वेला पलूस नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे (सांगलीतला नव्हे); अमेरिकेतल्या हरभऱ्याचा मोठा वाटा तिथून येतो. ओले सोले नाहीत, पण रात्री भिजवलेले चणे आहेत.

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला दरवर्षी शंभर-दोनशे माणसांची भोगीची भाजी होते आणि तिचं सामान खोक्यांनी घाऊक दुकानातून येतं. गाजर, मुळा, पालेभाजी, सुका घेवडा, कोहळं एवढं तरी या वेळी शेतकऱ्याकडून घ्यावं. आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं तर तो जास्तीचा माल आणतो. भोगी बहुधा १३ जानेवारीला असते. तिच्या आधीच्या शनिवारी युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टचा बाजार नऊला उघडून दोनला उठतो, आणि रविवार सोयीचा असेल तर शहराच्या बॅलर्ड भागातला बाजार आहेच. पिशव्या घरून न्याव्यात.