बेटाबाहेर गेलेली विद्या

काच फुंकणाऱ्याला आपली काच हातात घेता येत नाही. कुंभाराची बोटं मातीत असतात, सोनाराचं नखसुद्धा सोन्याला लागतं. इथे मात्र हजार-अकराशे अंशांवर तापलेला पदार्थ आणि माणूस यांच्यामध्ये एक लांबलचक लोखंडी नळी असते. नळीच्या टोकाशी घेतलेला गोळा काहिलीतल्या पाकासारखा ओघळायला बघतो, म्हणून नळी सारखी फिरवत राहावी लागते. हात थांबला की गोळा एका बाजूला कलंडलाच. ओल्या लाकडी ठोकळ्यात किंवा भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर तो घोळवायचा, फुंकायचा, आळू लागला की पुन्हा धगीसमोर धरायचा. आकार मनासारखा झाला तरी सुटका नाही. पाचशे अंशांच्या आसपास ठेवलेल्या दुसऱ्या भट्टीत तो रात्रभर, मोठा असेल तर कित्येक दिवस, सावकाश निवू द्यायचा. घाई केली तर आतली आणि बाहेरची काच वेगवेगळ्या वेगाने आकसते आणि सगळी मेहनत तडकून जाते.

स्पर्शावाचून एवढी हुकमत माणसाला येते तरी कशी, या कुतूहलापोटी मी लीनो ताल्यापिएत्रा या काचकलावंताच्या कामाच्या चित्रफिती पाहू लागले. आता तो नादच झाला आहे. रात्री जेवणं आटोपली की एखादी फीत लावायची आणि त्याच्या उजव्या हाताकडे बघत बसायचं.

लीनोचा जन्म 1934 सालचा, मुरानो बेटावरचा. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी 1291 साली शहरातल्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या. कारण सांगितलं गेलं आगीचं, आणि ते खरंही होतं; लाकडी घरांच्या दाटीत भट्ट्या धोक्याच्याच. पण बेटाचा दुसरा उपयोग हा, की त्यावर माणसंही राखून ठेवता येतात. काचकारागिरांना मान मोठा होता. त्यांच्या मुली उमरावांच्या घरात दिल्या जाऊ शकत आणि पुढच्या पिढीचं कुलीनपण त्याने बाधत नसे. मात्र विद्या घेऊन परमुलखात पळणाऱ्याला शिक्षा होती. सोन्याचा पिंजरा, पण पिंजराच.

या बेटावर काच एकटा माणूस करत नाही. भट्टीपुढच्या चमूला तिथे ‘पियात्सा’ म्हणतात. मध्ये बाकावर उस्ताद, म्हणजे ‘माएस्त्रो’. त्याच्या हाताखाली एक-दोन मदतनीस. आणि सगळ्यात खाली पोरगा, ‘गार्झोने’, जो पाणी आणतो, झाडतो, दार उघडतो आणि बघतो. लीनोने लहानपणीच शाळा सोडली आणि वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी आर्किमेदे सेगूसो या नामवंत उस्तादाच्या भट्टीवर तो असाच पोरगा म्हणून लागला. तिथे कुणी समजावून सांगत नसे. बघून उचलायचं, आणि उचललेलं दाखवायची पाळी येईपर्यंत गप्प राहायचं. विशी ओलांडताच तो स्वतः माएस्त्रो झाला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपली गाण्यातली घराणी याच वळणाची. अल्लादियाखाँसाहेबांनी आपलं गाणं तबकडीवर कधी येऊ दिलं नाही, आणि केसरबाईंनी शिष्या म्हणून खऱ्या अर्थाने जवळ केलं ते एका धोंडूताई कुलकर्णींना. त्यामागे निव्वळ कोतेपणा होता असं मला वाटत नाही. जी विद्या मिळवायला आयुष्य गेलं, ती घाईने मागणाऱ्याच्या हाती विटेल ही भीतीही त्यात असणारच. मुरानोच्या भट्टीवाल्यांचीही तीच भीती, आणि शिवाय पोटाचा प्रश्न.

माएस्त्रो झाल्यावरची लीनोची तीस-एक वर्षं मला सगळ्यात विचार करायला लावतात, कारण त्यांत वरवर पाहता काहीच घडत नाही. तो एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातो, आराखडा बहुधा दुसऱ्याचा असतो, लीनो तो काचेत उतरवून देतो. पण याच काळात तो बेटावरच्या काचसंग्रहालयात जाऊन जुन्या उस्तादांची कामं निरखतो, त्यांतली विसरली गेलेली तंत्रं हाताने पुन्हा शोधतो, आणि व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात जाऊन रोथको, बार्नेट न्यूमन, एल्सवर्थ केली या चित्रकारांच्या रंगांसमोर उभा राहतो. कारखान्यात दिवसभर पेले आणि झुंबरं करणाऱ्याने रोथकोसमोर उभं राहून काय घेतलं असेल? पुढची कामं पाहिल्यावर उत्तर मिळतं, पण त्यासाठी बराच काळ जावा लागला.

मुरानोला मी एकदा गेले आहे. तिथे पर्यटकांना घोडा करून दाखवतात. चिमट्याने चार-सहा ओढी, मान वर, पुढचे पाय हवेत, शेपटी. दोन मिनिटांच्या आत उधळलेला घोडा तयार. लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्या. लगेच दुसरी तुकडी आत येते आणि पुन्हा तोच घोडा. करणाऱ्याचा हात निर्दोष होता, आणि त्याचं लक्ष कुठेच नव्हतं. कौशल्य पूर्ण झालं आणि पुढे काही विचारायचं उरलं नाही, की त्याचं काय होतं ते त्या घोड्यात मला दिसलं. लीनोही असे घोडे सहज करत राहिला असता.

अमेरिकेत दरम्यान उलट्या टोकाचा प्रकार चालला होता. 1962 साली टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वी लिटलटन या कुंभारकलेच्या प्राध्यापकाने एक लहान भट्टी लावली. काच कारखान्याबाहेर, एकट्या कलावंताला करता यावी हा हेतू. यातून स्टुडिओ-काचेची चळवळ उभी राहिली. त्यांच्याकडे कल्पना भरपूर आणि हात कच्चे. लिटलटन तर पुढे जाहीरपणे तंत्राला स्वस्त म्हणून मोकळा झाला. त्याचा विद्यार्थी डेल चिहुली 1968 साली मुरानोच्या वेनिनी कारखान्यात जाऊन आला, तिथली पियात्सा पाहून थक्क झाला आणि 1971 साली सिएटलच्या उत्तरेला जंगलात त्याने पिलचक ही काचशाळा सुरू केली. सुरुवातीला पावसात तंबू ठोकून राहणारी ही मंडळी.

1978 साली मुरानोचा केक्को ओंगारो तिथे शिकवायला गेला. पुढच्या वर्षी त्याने आपल्या मेहुण्याला पाठवलं. हा मेहुणा म्हणजे लीनो. वय पंचेचाळीस, इंग्रजी येत नाही, आणि आयुष्यभर जे न दाखवायला शिकला ते दाखवायला चाललेला. बेटावर अनेकांना ही फितुरी वाटली. त्यांचा राग मला समजतो. पण त्याने काय दाखवलं ते बघा. ‘इंकाल्मो’ घ्या: दोन वेगळ्या रंगांचे फुगे फुंकायचे, दोन्ही ओठांशी उघडायचे, तोंडं नेमकी एका मापाची करायची आणि दोन्ही तापलेली असतानाच एकाला एक जोडायची. माप केसभर चुकलं तर सांधा बसत नाही. ‘रेतिचेल्लो’त एका फुग्यात काचेच्या बारीक रेघा एका दिशेने पिळलेल्या, दुसऱ्यात उलट दिशेने, एक दुसऱ्यात फुंकून बसवला की जाळी होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक चिमुकला थेंब अडकतो. कृती अशी चार ओळींत लिहून देता येते. हात लिहून देता येत नाही. म्हणजे लीनोने गुपित फोडलं असं म्हणताना नेमकं काय फोडलं, हे फितुरी म्हणणाऱ्यांनीही तपासायला हवं होतं.

आणि त्या जंगलात त्याला काय मिळालं? माझा तर्क असा, की ओबडधोबड पेले करणारी ती पोरं त्याला भलतेच प्रश्न विचारत असणार. असंच का? पेल्याला तळ हवाच का? मुरानोत गार्झोनेने असं विचारलं असतं तर झाडू हातात मिळाला असता. शिकवायचं म्हटलं की आपला हात काय करतो ते आधी स्वतःला कळावं लागतं, आणि एकदा कळलं की तो आणखी काय करू शकेल हेही दिसू लागतं. तरी बदल एका रात्रीत झाला नाही. 1988 साली चिहुलीच्या ‘व्हेनिशियन्स’ मालिकेसाठी लीनोच फुंकत होता. अपघातात एक डोळा गेलेला आणि पुढे खांदा निखळलेला चिहुली तोवर स्वतः फुंकायचं थांबवून चित्रं काढून देत असे. म्हणजे चौपन्नाव्या वर्षीही लीनो दुसऱ्याचा हातच होता. त्यानंतर लवकरच त्याने कारखान्याची नोकरी सोडली आणि तो स्वतःच्या नावाने काम करू लागला.

ते काम पाहताना तंत्र आधी दिसत नाही. ‘डायनोसॉर’ मालिकेतल्या आकारांची मान इतकी लांब, निमुळती आणि वळलेली आहे की ती उभी कशी राहते हा विचार मागाहून येतो. ‘एंडेव्हर’मध्ये निमुळत्या होड्यांचा तांडा छताखाली तरंगतो, लीनोच्या मनात व्हेनिसच्या उत्सवात जमणाऱ्या नावा होत्या. कित्येक कामांच्या पृष्ठभागावर निवल्यानंतर चाकाने हजारो बारीक खाचा घेतलेल्या, त्यामुळे चकाकी मोडते आणि रंग आतून उजळतो. रोथकोसमोरचं उभं राहणं इथे उपयोगी पडलं, असं मी मानते.

आपल्याकडे काचेच्या बाबतीत मात्र विद्या लपवण्याचा प्रश्न नव्हता. 1908 साली तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून, आणि त्याचा हेतूच मुळी तरुणांना काच शिकवण्याचा होता. 1916 साली कऱ्हाडजवळ ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. स्वदेशीला कंदिलाची काच हवी होती, बाटल्या हव्या होत्या. निरुपयोगी, नुसत्या सुंदर काचेसाठी फुरसत कुणाला होती? त्याबद्दल तक्रार नाही. पण नुसत्या मोकळेपणाने कलावंत घडत नाही, आणि नुसत्या कडेकोट परंपरेनेही नाही. लीनोला दोन्ही मिळाले, आणि याच क्रमाने मिळाले. क्रम उलटा असता तर तोही पिलचकच्या पोरांसारखा कल्पनांखाली चेंगरला असता, असं मला वाटतं.

मुरानोच्या भट्ट्या आज अडचणीत आहेत त्या स्वस्त नकलांमुळे आणि इंधनवायूच्या किमतींमुळे. त्याचं खापर लीनोवर फोडता येणार नाही. 2021 साली त्याने भट्टीपुढचं काम थांबवलं. त्याच्या फिती पाहायला मिळतात, जरूर पाहा. पण पहिल्यांदा पाहाल तेव्हा बाकावरच्या लीनोकडे पाहू नका. त्याने मान हलवायच्या आत तापलेला तुकडा घेऊन येणाऱ्या, नळीत नेमकी तेवढीच फुंकर घालणाऱ्या मदतनिसांकडे पाहा. त्यांतले बरेचसे अमेरिकन आहेत.