अंगठा तिचा, मर्जी कुणाची?

डॉक्टरांचा सल्ला डावलून पेशंट घरी गेला, की दवाखान्यात म्हणतात ‘डामा’ घेतला. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर फिरताना हा शब्द मी शिवीसारखा ऐकलाय. सोबत ठरलेलं वाक्य : "हे आदिवासी ऐकतच नाहीत हो."

दोन वर्षांपूर्वी खालापूरकडच्या वीटभट्टीवरची एक कातकरी ताई न्यूमोनिया झालेलं पोर घेऊन एका रुग्णालयात दाखल झाली. तिसऱ्या दिवशी निघते म्हणाली. भट्टीवर नवरा एकटा, सोबत चार वर्षांची मुलगी आणि डोक्यावर उचल. उचल जोडप्याची असते. दोन हात कमी पडले की विटा कमी, म्हणजे फेड लांबली. तरुण डॉक्टर वाईट नव्हता. दोनदा समजावून त्याने फॉर्म पुढे केला. मी वाचून दाखवला. अंगठा तिचा, साक्षीदाराची सही माझी.

मी तिला अडवायला हवं होतं का? मोठं माणूस स्वतःसाठी उपचार नाकारू शकतं. इथे जीव पोराचा होता. पण जबरदस्तीने ठेवून घेतलं तर मुलीचं काय, मालकाचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फॉर्मवर छापलं होतं, ‘स्वेच्छेने’. उचलीपायी माणूस बांधला जातो त्याला १९७६ चा कायदा वेठबिगारी म्हणतो. मग ती स्वेच्छा कुणाची? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली, ती याच मुद्द्यावर : बाईला विश्रांती हवी तर त्या दिवसांचे पैसेही हवेत. आज कुपोषित मुलाजवळ थांबणाऱ्या आईला बुडीत मजुरी द्यायची सरकारी तरतूद आहे. न्यूमोनियाच्या खाटेजवळ बसलेल्या या आईला कुणी ती विचारलीही नाही. मीसुद्धा नाही.

दोन दिवसांनी फोन आला, पोराला धाप लागलीय. रात्रीपासून लागली होती.

"मग रात्रीच का नाही नेलंत?"

"दादा, अंगठा दिलाय ना. आता परत कसं घेतील?"

फॉर्ममधलं अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं. परत येता येतं, एवढंच सांगायचं राहिलं. पोर दुसऱ्या रुग्णालयात वाचलं, म्हणून हे लिहू शकतोय.

आता कुणी निघालंच तर औषधं, डिस्चार्ज कार्ड आणि ‘अमुक झालं तर लगेच या’ हे लिहून घेतल्याशिवाय मी सही करत नाही. जाण्याचं कारणही लिहा म्हणतो. परवा सिस्टर म्हणाल्या, "त्याला रकानाच नाही." मी समासात लिहिलं : उचल.