समुद्र नसलेल्या मुलखातली जहाजे

१. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना किनारा नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात तर साऱ्या राज्यालाच स्वतःचे बंदर नव्हते. मग मराठवाड्याचा आणि जहाजांचा संबंध काय? हा प्रश्न चार मित्रमैत्रिणींना एका शनिवारी राजपुरीच्या धक्क्यावर घेऊन गेला. त्याचीच ही गोष्ट. धागा थोडा लांब आहे.

२. दोघे नांदेडचे, दोघी लातूरच्या. चौघेही इतिहासाचे विद्यार्थी. त्यांतल्या एकीला प्रबंधासाठी प्राचीन सागरी व्यापार हा विषय घ्यायचा होता. ‘लातूरच्या मुलीने समुद्रावर काय लिहायचे? तो कोकणवाल्यांचा प्रांत,’ असे तिला एकाहून अधिक ज्येष्ठांनी ऐकवले होते. विषय नोंदवण्याची मुदत जवळ आली होती, आणि तिने आजवर समुद्र पाहिलाही नव्हता.

३. लातूरहून रात्रीची रेल्वे, मुंबईहून मांडव्याची बोट, तिथून अलिबाग आणि मुरूडमार्गे राजपुरी. जंजिऱ्याला नेणाऱ्या शिडाच्या होड्या येथून सुटतात. या होड्या काही शिवकालीन नव्हेत. ऐतिहासिक आहे ती त्या हाकण्याची रीत: आखूड डोलकाठी, तिच्यावर टांगलेला लांब तिरपा वासा आणि त्याला बांधलेले त्रिकोणी शीड. अरबी समुद्रात ही रीत शतकानुशतके चालत आली आहे. मराठ्यांच्या आरमारातली गलबतेही तिरक्या शिडांवर धावत.

४. त्रिकोणी शिडाचा गुण असा की वारा थेट पाठीमागूनच हवा, अशी अट त्याला नसते. बाजूने येणारा वाराही ते उपयोगात आणते. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. शाळेच्या भूगोलात पाठ केलेली ही जोडी तांडेलाच्या हातात मात्र रोजीरोटीचे साधन होते. नांदेडच्या दोघांनी गोदावरीच्या घाटावर नावा पाहिल्या होत्या. पण नदीची नाव वल्ह्याने किंवा बांबूने रेटली जाते. येथे कोणीच काही रेटत नव्हते आणि होडी तरीही निघाली होती.

५. ‘कुठले तुम्ही?’ तांडेलाने विचारले. ‘लातूर.’ ‘म्हणजे ते पाण्याची रेल्वे गेलेलं लातूर?’ होडीत क्षणभर शांतता पसरली. ‘हो चाचा, तेच,’ ती म्हणाली.

६. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याआधी, मार्चमध्ये, पाणवठ्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. त्या वर्षी घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली ही पिढी आज पंचविशीत आहे. तिला पाणी म्हणजे मोजून वापरायची वस्तू. त्या सकाळी प्रथमच तिच्यासमोर न मोजता येणारे पाणी होते, आणि त्यातला एक थेंबही पिता येत नव्हता.

७. तिने होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पोहता येत नव्हते. तरी तिनेच पहिले उत्तर दिले: समुद्र जवळ नसणे म्हणजे समुद्राशी संबंध नसणे नव्हे. पुरावा तेरला आहे.

८. गोरोबाकाकांचे तेर. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव लातूरच्या शेजारचेच म्हणावे इतके जवळ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात याचे नाव ‘तगर’ असे येते. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचला जाई. पूर्वेकडील किनाऱ्याच्या बाजूचा मालही आधी तगरला येई.

९. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे येथले पाणी पूर्वेच्या समुद्राला जात होते आणि कापड पश्चिमेच्या. तेर हे बंदर नव्हते. ते बंदराचे मूळ होते. जहाज भरण्यापूर्वी कोणीतरी कापूस पिकवावा लागतो, सूत कातावे लागते, बैल जुंपावे लागतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेची तुलना अभ्यासक इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेल्या प्रतिमेशी करतात, ती उगाच नव्हे.

१०. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. मग तटाच्या दोन बुरुजांमधून तो अचानक उघडतो. होडी लाटेवर खालीवर होत असते. ती वर आली की पायरीवर पाय टाकायचा. तिला दोनदा जमले नाही. तिसऱ्या वेळी खलाशाने मनगट धरले आणि ती वर पोहोचली.

११. हा किल्ला सिद्द्यांचा, मूळच्या आफ्रिकी लोकांचा. दुसऱ्या लातूरकर मैत्रिणीने येथे उदगीरची आठवण काढली. १६३६ मध्ये मोगल सरदार खानदौरान याने उदगीर आणि औसा घेतले, तेव्हा उदगीरचा किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह. निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबरही हबशीच. गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेत आलेला, खुलताबादेत चिरनिद्रा घेत असलेला. जहाजांनी केवळ मलमल नेली नाही; माणसेही विकायला आणली. मराठवाड्याच्या समुद्राशी असलेल्या नात्याची ही दुसरी बाजू. अभिमानाच्या भरात ती वगळणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

१२. परतताना वारा पडला. शीड लोंबू लागले, होडी जागीच डुलत राहिली. तांडेल निवांत होता: ‘येईल.’ तेवढ्यात नांदेडच्या मित्राने अजिंठ्याचा विषय काढला. २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवले आहे: उंच चौकोनी शिडे, नाळेवर काढलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही, वर मांडलेले रांजण. समुद्रापासून खूप दूर, मराठवाड्याच्या डोंगरात. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवरही दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे.

१३. त्या अजिंठ्याच्या चित्रावरून अलीकडे खरेच जहाज बांधले गेले. आराखडा उपलब्ध नव्हता. होते ते केवळ चित्र. गोव्यातील कारखान्यात केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले, नाव ‘कौंडिण्य’. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोहोचले. इंजिनाविना, शिडांच्या बळावर.

१४. मग ‘ऐतिहासिक नौका’ म्हणजे काय? जुने लाकूड की जुनी विद्या? कौंडिण्यची फळी नवी, शिवण जुनी. राजपुरीची होडीही तशीच. लाकूड कुजते, दोर तुटतो, शीड फाटते. विद्या मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर टिकते. न गेली तर भिंतीवरचे चित्र तेवढे उरते.

१५. वारा आला. शीड फुगले. सोमवारी तिने विषय नोंदवला: तगर आणि पश्चिम किनाऱ्याची बंदरे यांना जोडणारे प्राचीन मार्ग. ‘लातूरच्या मुलीने समुद्रावर काय लिहायचे’ या प्रश्नाला तिने तोंडी उत्तर दिले नाही. पहिले प्रकरण बैलगाडीवर आहे.

१६. अजिंठ्याला गेलात तर २ क्रमांकाच्या लेण्यात ते जहाज शोधा. तेरला गेलात तर संग्रहालय चुकवू नका. आणि राजपुरीला गेलात तर तांडेलाला शिडाबद्दल एक प्रश्न अवश्य विचारा. पुस्तकात न सापडणारे बरेच काही तो सहज सांगून जाईल.