छोट्या हत्तीचा हौदा

वाहन हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ केवळ वाहून नेणे एवढाच आहे. किती वाहून नेणे, याबद्दल धातू मौन पाळतो. ते प्रमाण भाषेने पुढे निरनिराळ्या ठिकाणी नोंदवून ठेवले. खंडी म्हणजे वीस मण हे माझ्या आजोबांना तोंडपाठ होते, आणि आमच्या बैलजोडीला चढाच्या वाटेवर किती घालावे याचा त्यांचा वेगळा, न लिहिलेला हिशेब होता. लिहिलेला हिशेब मी पहिल्यांदा वाचला तो जऊळका स्थानकावर. अकोला-पूर्णा मार्ग तेव्हा मीटरगेज होता (२००८ साली तो रुंद झाला). मालगाडी उभी राहिली की डब्यांच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलेले रिकामे वजन आणि भारक्षमता आम्ही पोरे मोठ्याने वाचत असू. पाठ्यपुस्तकाबाहेरचे माझे पहिले वाचन ते हेच.

२००५ साली टाटांची ‘एस’ ही लहान मालगाडी आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. तिची क्षमता पाऊण टनाची, म्हणजे साडेसात क्विंटल. पण हत्ती म्हटले की पाऊण टनावर कोण थांबतो? रूपक एकदा रूढ झाले की ते वस्तूकडून आपल्या मापाची अपेक्षा करू लागते. योगायोग असा की, गाडीच्या मागच्या भागालाही आपण हौदाच म्हणतो. अमेरिकेत नेमके उलटे घडले. तिथल्या पिकअप गाड्यांचे ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ असे वर्ग जुन्या काळच्या भारक्षमतेवरून पडले. गाड्या पुढे दणकट होत गेल्या, नावे मात्र तिथेच राहिली, आणि आजची ‘अर्धा टन’ गाडी अर्ध्या टनाहून पुष्कळ अधिक वाहते. नाव लहान आणि गाडी मोठी, यात कोणाचा जीव जात नाही.

माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढून पिकअप घेतली, तेव्हा नोंदणी-पुस्तक वाचायचे काम घरातला मास्तर म्हणून माझ्याकडे आले. त्यात दोन आकडे असतात, एकूण वजन आणि रिकामे वजन. दोहोंतला फरक सतरा क्विंटल निघाला. भाऊ खूश झाला. परंतु मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरलेले नाहीत. त्यांचे वजन त्या सतरातून जाते. हौद्याला मागाहून वेल्डिंग करून लावलेल्या जाळ्या, ताडपत्री, दोरखंड, शेजारी बसलेला शेतकरी, हे सर्वही त्यातूनच. उरले जेमतेम साडेचौदा. साठ किलोची पोती धरली तर चोवीस.

आमच्याकडून सोयाबीन वाशिमच्या बाजार समितीत जाते आणि भाडे पोत्यामागे ठरते. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या पुष्कळ खाली. त्या भावात शेतकरी दोन फेऱ्यांचे पैसे देत नाही. चोवीस पोत्यांत डिझेल निघते, बँकेचा हप्ता निघत नाही. बेचाळीस पोत्यांत दोन्ही निघतात. म्हणून बेचाळीस. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड दोन हजारांवरून वीस हजारांवर नेला, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार आणि माल उतरवण्याचा खर्च. भावाला हे ठाऊक होते. पण दंड कधीतरी होतो, हप्ता दरमहा येतो.

जादा भार गाडीला काय करतो हे मला तालुक्याच्या एका मिस्त्रीने शिकवले. मागचे पाटे सपाट होतात आणि टायर तापतो. ओझे मागच्या धुरीच्याही मागे गेले की पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग ‘पोकळ’ लागते. वजन दीडपट झाले की त्याच वेगातून थांबायला ब्रेकांना दीडपट उष्णता पचवावी लागते. कुटाराची गाडी वजनात बसते, पण घराएवढी उंच होऊन वळणावर कलंडते. हळदीची गाडी दिसायला अर्धी रिकामी असते आणि पाटे मोडते. डोळ्यांना ओझे दिसत नाही, आकार दिसतो.

ओढण्याचे प्रकरण निराळे. लग्नसराईत स्पीकरच्या भिंती लादलेल्या पिकअपमागे जनरेटरचा गाडा जोडलेला आपण पाहतो. गाड्याचा दांडा साधारणपणे गाड्याच्या वजनाचा दहावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक भार पिकअपच्या पाठीवर टाकतो, आणि तोही हौद्यातल्या मालातच मोजायचा असतो. अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी २००८ पासून एक प्रमाणपद्धती आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाच्या लांबलचक चढाचा तिला आधार आहे आणि तो चढ वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो. आमच्याकडे चाचणी वरातीतच होते. असो.

त्या हंगामात एका संध्याकाळी डाव्या बाजूचा पाटा तुटला. गाडी पालथी झाली नाही, नुसती झुकली. पोत्यांवर मळणीचे चार मजूर बसले होते. त्यांतल्या एका बाईचा पाय मांडीत मोडला. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालगाडीतून जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण आहे. सहज म्हणून बसवून घेतलेल्याला नाही. कायद्याच्या दृष्टीने ती बाई मालकही नव्हती आणि मालही नव्हती. तिच्या शस्त्रक्रियेचे पैसे भावाने दिले, त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. तिच्या नवऱ्याने तक्रार केली नाही. त्याचे कारण मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, सालभर काम त्याच्याच गाडीवर असते ना आमाले.”

भाऊ आता तीस पोती घेतो. चोवीस आणि बेचाळीस यांच्यामध्ये हा आकडा कुठून आला, असे विचारल्यावर तो हसतो. पाटे नवे टाकले आहेत, हप्ते अजून चौदा राहिले आहेत. पोत्यांवर मात्र तो कोणालाही बसू देत नाही. मजूर मागून काळीपिवळीने येतात. परवा मी मोजले, आत पंधरा जण होते आणि टपावर दोन.