शब्दाचें मोल

गेल्या वर्षीं आमच्या घरांत दोन दुखणीं लागोपाठ आलीं. सौभाग्यवतींच्या पित्ताशयांत खडे निघाले आणि आमच्या कमरेनें बंड पुकारलें. तीस वर्षें वर्गांत उभें राहून शिकविल्याचें हें पारितोषिक असावें! उभयतांचा आरोग्यविमा एकाच कागदावर होता आणि हप्ता बिनबोभाट भरला जात होता. तेव्हां दोन्ही दुखण्यांस एकच न्याय लागेल, अशी आमची भाबडी समजूत होती.

सौभाग्यवतींस तज्ज्ञांनीं तपासलें, सोनोग्राफी झाली आणि पंधरा दिवसांनीं दुर्बिणीची शस्त्रक्रिया पार पडली. विमा कंपनीनें इस्पितळाचें बिल परस्पर चुकतें केलें. शिवाय दाखल होण्यापूर्वींच्या 30 दिवसांतील तपासणीची फी आणि पुढील 60 दिवसांतील औषधपाण्याचा खर्चही पावत्या पाहून आमच्या हातीं दिला.

आमच्या कमरेची कथा निराळी. अस्थितज्ज्ञांनीं तीन वेळां बोलाविलें, एमआरआय काढविला, तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "सर, ऑपरेशनची कांहीं जरूर नाहीं. नेमानें व्यायाम करा, थोडें वजन उतरवा." आम्ही पावत्या धाडल्या, त्या नामंजूर होऊन परत आल्या.

मग पॉलिसी काढून वाचली. (आजारापूर्वीं ती कोणता सुशिक्षित गृहस्थ वाचतो?) 1986 सालीं 'मेडिक्लेम' या नांवानें हा विमा आपल्याकडे आला, तेव्हांपासून इस्पितळाची खाट हाच त्याचा पाया. साधारणतः 24 तास दाखल व्हावें लागतें. मोतीबिंदूसारख्या अल्पावधीच्या शस्त्रक्रियांस तेवढी सवलत. तज्ज्ञाचा सल्ला शस्त्रक्रियेपर्यंत पोंचला, तर त्याची फी ग्राह्य. सल्ला हा सल्लाच राहिला, तर अग्राह्य. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च देणाऱ्या पॉलिसी आतां मिळतात, पण त्यांचा हप्ता अधिक आणि देण्यास मर्यादा असते.

कंपनीची बाजू आम्हांस कळत नाहीं असें नाहीं. विमा असतो तो अवचित कोसळणाऱ्या मोठ्या खर्चासाठीं. घरोघरची प्रत्येक पडशाची पावती भागवावयाची म्हटली, तर सर्वांचाच हप्ता वाढेल.

परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पावत्या परत आल्या त्या सायंकाळीं क्षणभर आमच्या मनांत येऊन गेलें कीं, डॉक्टरांनीं शस्त्रक्रियाच सांगितली असती तर सारें भागलें असतें! धडधाकट राहिल्याबद्दल माणसास हळहळ वाटावी, असा हा हिशेब. तो आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाच्याही डोक्यांत शिरला, याची आम्हांस लाज वाटली. रोग्याच्या मनांत तो शिरतो, तर वैद्याच्या मनांत कधींच शिरत नसेल काय?

त्या पावत्या आम्ही जपून ठेविल्या आहेत. आम्हीही जन्मभर शब्दांवरच पोट भरलें. ज्या शब्दानें सुरी टळली, त्याचें मोल स्वतःच्या खिशांतून द्यावें लागलें. पण तें महाग पडलें असें म्हणण्यास जीभ रेटत नाहीं.