आप्पांचे दात आणि माझ्या सायकलचा चिमटा

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं, त्या भागाला दुकानात फोर्क म्हणतात आणि आमच्या घरात चिमटा. त्यात स्प्रिंग असो, हवा असो की काहीच नसो, आप्पांसाठी तो चिमटाच. मलाही आता तोच शब्द बरा वाटतो, कारण वस्तू काय काम करते ते त्यातून लगेच कळतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सायकलचा चिमटा वाकला. ऑफिसातून परत येत होते. कडोदऱ्याच्या चार रस्त्यांच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर पाणी साचलं होतं आणि त्या पाण्याखाली खड्डा होता. मी पडले नाही, पण हँडलला असा दणका बसला की मनगटं दोन दिवस दुखत होती. घरी येऊन पाहिलं तर चाक उजव्या बाजूला किंचित कललेलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की टक्-टक् आवाज येई. सायकल जुनीच, नऊ हजारांना घेतलेली, २६ इंची चाकांची, पुढे डिस्क ब्रेक आणि शॉकअपवाला चिमटा. शॉकअप नावालाच होता म्हणा. दोन पावसाळ्यांत त्याच्या नळ्यांवर गंज चढला होता आणि माझ्या अठ्ठावन्न किलो वजनाला तो दबतच नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनकडच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि म्हणाले, "सीधो करी आपुं, बेन. दोढसो रुपिया." दीडशे रुपयांत काम होतंय म्हटल्यावर मी खूश. सायकल तिथेच ठेवून घरी आले आणि चहा पिताना आप्पांना सांगितलं.

आप्पांनी कप खाली ठेवला. पायात चपला घातल्या आणि काही न बोलता निघाले. अर्ध्या तासाने सायकल हातात धरून चालत परत आले. मिस्त्रींना हात लावू दिला नव्हता. मी चिडले. दीडशे रुपयांसाठी एवढं काय? तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वाकेल लोखंडवर भरोसा नही करानं." आप्पा घरात मराठी बोलतात, पण मनातलं काही असलं की अहिराणीत येतात.

बाकीचं आईने सांगितलं. आप्पांच्या पुढच्या चार दातांची कवळी मी लहानपणापासून पाहत आले आहे. रात्री स्टीलच्या वाटीत, पाण्यात. मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांचे दात वय झालं की पडतात. खरी गोष्ट १९९६ची निघाली. आप्पा अमळनेरहून ताप्ती व्हॅली लाइनच्या पॅसेंजरने इकडे आले, त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. लूमवरून ग्रे कापडाचे ताके प्रोसेस हाउसला पोहोचवायचं काम होतं आणि ते काळ्या मोठ्या सायकलवर चालायचं. एकदा उसाच्या ट्रॅक्टरला चुकवताना सायकल दगडावर आदळली आणि चिमटा मागे गेला. कुठल्याशा दुकानात तो तापवून, नळी घालून सरळ केला. पुढे महिनाभराने परत वाकला, परत सरळ केला. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, खड्डा नाही, दगड नाही, सपाट रस्त्यावर चिमट्याचे दोन्ही पाय वरच्या जोडापाशी तुटले. चाक एकटंच पुढे गेलं. आप्पा तोंडावर आपटले. चार दात गेले, जबडा तारेने बांधला, दीड महिना पातळ वरण आणि पेज. तेव्हा मी आईच्या पोटात होते.

"तुला का नाही सांगितलं?" आई म्हणाली, "तू सायकल चालवणं सोडलं असतंस म्हणून."

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट शोधाशोध केली. लोखंड एका मर्यादेपर्यंत वाकतं आणि परत येतं. त्या मर्यादेपलीकडे वाकलं की आतली रचना बदलते. ते उलट वाकवून सरळ केलं तर दिसायला सरळ होतं, पण त्या जागी कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. मग रोजच्या हादऱ्यांनी तिथे केसासारखी भेग पडते आणि वाढत जाते. ॲल्युमिनियमचं तर याहून वाईट, ते सरळ करायच्या भानगडीत कोणी पडूच नये. सायकलचा दुसरा एखादा भाग तुटला तर बहुतेकदा माणूस थांबतो. चेन तुटली, पेडल निघालं, सीट सरकली, तरी पाय टेकता येतो. चिमटा तुटला तर पाय टेकायला वेळच मिळत नाही. तुमच्या घरात सायकल असेल तर एकदा तिचा चिमटा धुऊन, वरच्या जोडाखाली मागच्या बाजूने बोट फिरवून पाहा. रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर लागली तर ती सायकल बाजूला ठेवा.

तर नवा चिमटा घ्यायचा ठरलं आणि मग खरा गोंधळ सुरू झाला.

माझ्या आतेभावाला सायकलींचं वेड. त्याने फोनवरच निकाल दिला, आता घेतेसच तर हवेचा घे. हवेच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. छोट्या पंपाने आपल्या वजनाप्रमाणे ती कमीजास्त करता येते, वजनही कमी. शिवाय वर लॉक, म्हणजे चांगल्या रस्त्यावर शॉकअप बंद करता येतो. हे सगळं खरं होतं. किंमत सतरा हजार. नऊ हजारांच्या सायकलला सतरा हजारांचा चिमटा. आईने ऐकून शांतपणे विचारलं, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला का?"

पैशांचं सोडा, तो बसलाच नसता. हे मला कळलं ते मोजायला बसल्यावर, आणि चिमटा घेताना मोजणं हेच खरं काम आहे. आम्ही अंगणात सायकल उलटी केली, चाक काढलं. मी फूटपट्टी आणि कॅलिपर घेऊन, आप्पा पाना घेऊन.

चिमट्याचा जो दांडा फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर हँडलपर्यंत जातो, त्याची जाडी आधी पाहिली. माझा २८.६ मिलिमीटर निघाला, म्हणजे सव्वा इंचाला थोडा कमी. आप्पांच्या काळ्या सायकलचा एक इंची असायचा आणि त्याला वर आटे असायचे, ज्यावर नट फिरतो. माझ्याला आटे नाहीत, हँडलचा दांडा त्याला बाहेरून आवळून धरतो. हवेच्या बऱ्याच चिमट्यांचा दांडा खाली दीड इंच आणि वर निमुळता असतो. तो माझ्या फ्रेमच्या सरळ नळीत जाणारच नव्हता. शिवाय आतेभावाने दाखवलेल्या चिमट्यात चाक १५ मिलिमीटरच्या आरपार आसावर बसतं. माझ्या चाकाचा आस नऊ मिलिमीटरचा, दोन खाचांत अडकवायचा. म्हणजे हबही नवा आणि तारा परत ओवणं आलं. सतराचे तेवीस झाले असते. त्याला फोटो पाठवले. त्याने एक डोळे मिटलेलं तोंड पाठवलं आणि विषय संपला.

मग जुन्यासारखाच स्प्रिंगचा चिमटा, ३,२०० रुपयांचा. तो सहज बसला असता. पण तोच गंज, तेच वजन. जुना चिमटा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर २ किलो ६०० ग्रॅम भरला. अडीच किलोंहून जास्त लोखंड मी रोज ओढत होते, जे माझ्यासाठी एकदाही दबलं नव्हतं. त्याहून चांगला स्प्रिंगचा साडेसात हजारांना होता, पण त्याची चाल १०० मिलिमीटर आणि माझ्या जुन्याची ८०. वीस मिलिमीटरने काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पुढची बाजू वीस मिलिमीटर उचलली की हँडलच्या नळीचा कोन साधारण एक अंशाने बदलतो. सायकल वळायला आळशी होते आणि फ्रेमच्या पुढच्या जोडावर तिच्यासाठी नसलेला ताण येतो.

इथे आप्पांनी प्रश्न विचारला आणि मला वाटतं तो आधीच विचारायला हवा होता. "तू जातेस कुठे?"

जाते कुठे? सकाळी कडोदरा, संध्याकाळी परत. रविवारी बारडोलीकडे वीसेक किलोमीटर, डांबरी. कधीमधी काकरापारच्या कालव्याच्या कडेने कच्च्या वाटेवर, आणि उसाचा हंगाम असला तर साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून. डोंगर नाही, उड्या नाहीत. शॉकअप मुळात डोंगर उतरणाऱ्यांसाठी नावारूपाला आले. १९८९च्या आसपास अमेरिकेत पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सने ते बाजारात आणले आणि पुढच्या काही वर्षांत ते डोंगरी शर्यतींत सगळीकडे दिसू लागले. तिथे त्यांची गरज आहे. चलथाणमध्ये डोंगर म्हणजे रेल्वेचा ओव्हरब्रिज. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. अशा रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलींना शॉकअप नसतात. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "आणि ताके नव्हते ना मागे?"

म्हणजे साधा, बिनस्प्रिंगचा चिमटा. मिस्त्रींकडे होता, डिस्कची खूण असलेला, नऊशे रुपयांचा. मी जवळजवळ घेतलाच होता. पण आता मोजायची सवय लागली होती. आसाच्या मध्यापासून वरच्या जोडापर्यंत त्याची उंची ३९५ मिलिमीटर भरली. माझ्या जुन्याची ४५३. मी बसल्यावर शॉकअप थोडा तरी दबतो असं धरलं तरी ४३५-४४०. तो नऊशेचा बसवला असता तर सायकल पुढून चार सेंटिमीटर खाली वाकली असती, पेडल वळणावर रस्त्याला घासलं असतं आणि हँडल इतकं चंचल झालं असतं की एका हाताने चालवणं कठीण. मिस्त्री म्हणाले, सगळे असाच बसवतात. बसवत असतील. हे त्यांच्या चुकीपेक्षा आपल्या न विचारण्याचं जास्त आहे, आपण रंग विचारतो आणि किंमत.

शॉकअप काढून साधा बसवायचा असेल तर मुद्दाम उंच केलेले चिमटे मिळतात. शेवटी पुण्याहून मागवला. क्रोमोली पोलादाचा, उंची ४४०, सरळ दांडा, आटे नाहीत, डिस्कची खूण, नऊ मिलिमीटरच्या खाचा. ४,२०० रुपये. काट्यावर एक किलो शंभर ग्रॅम. दांडा न कापलेला होता, आणि सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे नक्की पाहावं, कारण आधीच्या मालकाने आखूड कापला असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी आपल्या उपयोगाचा नाही.

बसवताना दोन गोष्टींना वेळ लागला. जुन्या चिमट्याच्या बुडाशी छर्र्यांची एक कडी घट्ट बसलेली असते, ती हळूहळू ठोकत काढून नव्यावर चढवावी लागते. आप्पांनी त्यासाठी नळाच्या पाइपचा तुकडा शोधून आणला. दुसरं म्हणजे दांडा कापणं. हँडलच्या पकडीच्या वरच्या कडेपेक्षा तो तीनेक मिलिमीटर खाली असला पाहिजे, म्हणजे वरचं झाकण आवळल्यावर सगळं खाली बसतं. मी पेन्सिलीने खूण केली. आप्पांनी ती पुसली आणि परत माझ्याकडूनच करून घेतली. मग आधी झाकणाचा बोल्ट हलका आवळला, पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवून पाहिली, टक् आवाज गेला, आणि त्यानंतरच बाजूचे बोल्ट घट्ट केले.

हादरे? आहेत. खोटं कशाला सांगू. पण टायर २.१ इंचांचे टाकले आणि हवा पन्नासवरून पस्तीस पीएसआयवर आणली. रुंद टायरमधली हवा हीच माझ्या वजनाची स्प्रिंग झाली. कालव्याच्या वाटेवर हात थोडे कुरकुरतात, तिथे मी हळू जाते. बारडोलीला मात्र आता दहा मिनिटं लवकर पोहोचते आणि पुलावर उभं राहून पेडल मारताना पुढचा भाग नुसता खालीवर होत नाही.

जुना चिमटा आठवडाभर जिन्याखाली पडून होता. भंगारवाला आला तेव्हा मी तो द्यायला काढला. आप्पांनी थांबवलं. भंगारवाल्याला म्हणाले, दहा मिनिटं बस. आतून एक्सा ब्लेड आणली, चिमटा पायरीवर टेकवला, एका पायाने दाबून धरला आणि जोडाखाली कापायला लागले. पहिल्या पायाला त्यांना वेळ लागला. घाम पुसायला थांबले तेव्हा भंगारवाला म्हणाला, काका, कशाला, वजन तेवढंच येणार आहे. आप्पा म्हणाले, "कोणी परत बसवेल एखाद्या पोराच्या सायकलला."

दुसरा पाय मी कापला.