वाफसा

आईच्या पित्ताशयात खडे निघाले. तामलवाडीहून सोलापूर अर्ध्या तासावर, पण तिची समजूत काढण्यात पंधरा दिवस गेले. भीती ऑपरेशनची नव्हतीच, भुलीची होती. "तुझ्या वेळंचं इसरले न्हाई मी."

माझी वेळ म्हणजे 1988. अपेंडिक्स, वय अकरा. सकाळी आत नेलेला मी दिवेलागणीला कुठं नीट ओळख द्यायला लागलो. दिवसभर गुंगी आणि ओकाऱ्या. आईनं तेव्हा भवानीला बोललेला नवस तुळजापूरला पायी जाऊन फेडला.

भूलतज्ज्ञ मॅडमना हे सांगितलं. "तेव्हा बहुतेक हॅलोथेन दिलं असेल. आईंना शिरेतून औषध देऊन झोपवू, पुढं झोप टिकवायची ती सेव्होफ्लुरेनच्या वाफेवर."

मला वाटायचं, जे रक्तात चटकन विरघळतं ते चटकन उतरतही असेल. नेमकं उलटं. फुफ्फुसातल्या हवेत एक भाग असेल, तर तेवढ्याच रक्तात हॅलोथेन सुमारे 2.4 भाग मावतं, सेव्होफ्लुरेन 0.65. जुन्या इथरचे तर 12 भाग! आकड्यांनी माझ्या डोक्यात उजेड पडेना. पडला तो रानामुळं. काळ्या रानात पाऊस मुरतो, वाफसा यायला आठवडा जातो. मुरमाड माळावर पाऊस थांबला की घटकाभरात चप्पल घालून फिरावं. हॅलोथेनला रक्त म्हणजे काळं रान. शिवाय चरबीतही मुरतं, आणि ऑपरेशन लांबलं की मुरणं वाढत जातं. सेव्होफ्लुरेन रक्तात फारसं थांबतच नाही, आलं तसं श्वासावाटे बाहेर पडतं. "शेवटच्या टाक्यांच्या सुमाराला मी वाफेचं चक्र शून्यावर आणते," मॅडम म्हणाल्या, "पुढचं काम त्यांचा श्वासच करतो."

याहून झटपट उतरणारं डेसफ्लुरेन आहे, 0.42. पण ते 23 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून त्याला विजेवर तापवलेलं खास यंत्र लागतं. सोलापूरच्या मे महिन्यात ते उघड्या बाटलीत किती टिकेल, हा माझा आगाऊ प्रश्न. मॅडम नुसत्या हसल्या. त्याच्या उग्र वासानं घसा चाळवतो, खोकला येतो, हेही त्यांनीच सांगितलं.

लवकर जाग येण्याची एक खोड आहे: दुखणंही लवकर जागं होतं. म्हणून वेदनेचं औषध आधीच दिलेलं असतं.

नावानं हाक मारल्यावर आईनं टेबलावरच डोळे उघडले म्हणे. अर्ध्या तासानं मला आत सोडलं. ओठ कोरडे, आवाज बसलेला, पण नजर लख्ख.

"म्हशीला पेंड घातली का रं?"

"घातली."

"मग मला कवा नेणार आत?"

झालंसुद्धा, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. सिस्टरनी छोटी बाटली आणून दाखवली. तिनं चष्मा मागून घेतला, बाटली उजेडाकडं धरली आणि हरभऱ्याएवढे ते हिरवट-काळे खडे एकेक करून मोजले. चार भरले.